नातवंडांची पुस्तके आणि आपली भीती

या हिवाळ्यात आमच्या मोआदोनमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली. "नात बारा वर्षांची, आणि पुस्तकात काय, तर मुलंच मुलांना मारतात!" दुसरी आजी म्हणाली, "सायरन झाला की मिक्लातमध्ये धावतो, तेवढी भीती पुरत नाही का? आणखी विकत कशाला आणायची?" तक्रारी वाढल्या तेव्हा आम्ही ठरवले, की न वाचता नावे ठेवायची नाहीत. ज्यांना हिब्रू सहज वाचता येते त्यांनी दर आठवड्याला पुढचा भाग वाचून मराठीत सांगायचा आणि बाकीच्यांनी चहाबरोबर ऐकायचे. पुस्तक होते सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेचे 'द हंगर गेम्स'. ते 2008 साली निघाले आणि आपल्याकडची मुले ते 'मिस्खाके हाराआव' या नावाने हिब्रूत वाचतात.

कथा थोडक्यात अशी. पुढच्या कुठल्याशा काळात अमेरिकेच्या जागी पानेम नावाचे राज्य आहे. राजधानी श्रीमंत, आणि तिच्या टाचेखाली बारा गरीब जिल्हे. पूर्वी जिल्ह्यांनी बंड केले, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षांचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडतात. या चोवीस मुलांना एका रिंगणात सोडतात. एकच जिवंत उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचे आणि सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहायचे. बाराव्या जिल्ह्यात, कोळशाच्या खाणीच्या गावात, प्रिम या बारा वर्षांच्या मुलीची चिठ्ठी निघते. तिची सोळा वर्षांची बहीण कॅटनिस पुढे होते आणि म्हणते, तिच्याऐवजी मी जाते.

पहिल्या बैठकीला दोघी उठून गेल्या. असे वाटणाऱ्या आम्हीच काही पहिल्या नव्हेत. 2010 आणि 2011 या दोन्ही वर्षी अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वांत जास्त हरकती आल्या त्यांची यादी काढली, तीत हे पुस्तक होते. ते मुलांच्या हाती नको, असे तिथल्या पालकांनाही वाटले होते.

पण वाचकहो, आम्ही तरी लहानपणी काय वाचत होतो? भायखळा, उमरखाडी, माझगाव इथल्या आमच्या घरांत बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके उशीखाली दडवलेली असत. झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी आम्ही आईची बोलणी खाल्ली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांतही खून पडत, गळे आवळले जात. मग आम्हांला झोप कशी लागत असे? कारण शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडे. जग क्षणभर वाकडे होई आणि पुन्हा सरळ होई. रहस्यकथेचा वाचक याच भरवशावर घाबरायला तयार होतो. हा भरवसा मोडला की तो कसा चिडतो, हे आर्थर कॉनन डॉयलने अनुभवले. 1893 साली त्याने शेरलॉक होम्सला मारून टाकले, तेव्हा वाचकांनी रागावून मासिकाची वर्गणी बंद केली. पुढे त्याला होम्सला परत आणावे लागले.

नातवंडांच्या पुस्तकात हा भरवसा नाही. इथे गुन्हेगार कोण हे पहिल्याच प्रकरणात ठाऊक असते. गुन्हेगार खुद्द सरकार आहे आणि त्याला पकडणारा कुणी गुप्तहेर नाही. आमच्या भीतीचे खरे कारण हे होते. रक्त तर अर्नाळकरांच्या कथांतही होते.

तिसऱ्या बैठकीत मात्र एक गोष्ट घडली. पुस्तकात 'टेसेरा' नावाचा एक नियम येतो. ज्या मुलाच्या घरी खायला नाही, त्याने आपल्या नावाची एक जादा चिठ्ठी पेटीत टाकायची, त्याबदली एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतके धान्य आणि तेल मिळते. या चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या वीस चिठ्ठ्या पेटीत आहेत, तर तिचा मित्र गेल याच्या बेचाळीस. हे ऐकताच खोली गप्प झाली. मग एकदम सगळे बोलू लागले. महायुद्धाच्या काळात मुंबईत रेशनिंग आले तेव्हाच्या रांगा कुणाला आठवल्या. कुणाला इथे आल्यावरची 'त्सेना' आठवली, माबारातले पत्र्याचे घर आणि कुपनावर मिळणारी अंडी आठवली. कुणी म्हणाले, "गरिबाची चिठ्ठी पेटीत नेहमीच जास्त असते. यात पुढच्या काळातलं काय आहे?"

आम्ही नातवंडांना विचारले, टेसेराचे पान आठवते का? बहुतेकांना आठवत नव्हते. त्यांना धनुष्यबाण आठवत होता, रिंगण आठवत होते, पीटा आणि गेल यांतला कोण चांगला हे आठवत होते. आम्हांला पाव आठवत होता. बेकरीवाल्याचा मुलगा पीटा मुद्दाम पाव करपवतो, आईचा मार खातो, आणि पावसात उपाशी बसलेल्या कॅटनिसकडे ते दोन पाव टाकतो. पुस्तक तेच, पण ज्याच्या त्याच्या आयुष्याप्रमाणे पान वेगळे उघडले.

चिठ्ठीवरून आणखी एक आठवण निघाली, आणि ती निघणारच होती. हामानने यहुद्यांच्या नाशाचा दिवस ठरवायला 'पूर' म्हणजे चिठ्ठीच टाकली होती. आपल्या सणाला पुरीम हे नाव त्यावरूनच पडले. एस्तेरही आईबापांवाचून वाढलेली मुलगी. तिलाही राजवाड्यात नेऊन सजवले गेले, आणि जीव धोक्यात घालून ती राजापुढे उभी राहिली. कॅटनिसलाही राजधानीत नेऊन नटवतात. कॉलिन्सबाईंनी स्वतः सांगितले आहे, की ही कल्पना त्यांना थीसिअसच्या ग्रीक कथेवरून सुचली. त्या कथेत अथेन्सला आपली मुले-मुली क्रीटच्या राक्षसाला द्यावी लागत. आम्हांला मात्र ग्रीक लोकांकडे जावे लागले नाही. मेगिल्ला दरवर्षी ऐकणाऱ्याला ही गोष्ट ओळखीची आहे. म्हणून "असली भयंकर गोष्ट मुलांनी ऐकू नये" हे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

याचा अर्थ पुस्तक निर्दोष आहे असे नव्हे. आमची मुख्य तक्रार शेवटी वेगळीच निघाली. राजधानीतले लोक रिंगणातल्या मुलांवर पैजा लावतात, आणि लेखिकेला त्याचा संताप आहे. पण प्रत्येक प्रकरण ती अशा जागी तोडते, की आता कोण मरणार हे कळायला वाचक पान उलटतोच. आठव्या-नवव्या मुलाचे नावसुद्धा आम्हांला कळले नाही आणि आम्ही "पुढे काय?" म्हणून विचारत होतो. रहस्यकथेचे यंत्र वापरायचे आणि त्याच यंत्राला नावे ठेवायची, हे पूर्णपणे जमलेले नाही. अपवाद रू या बारा वर्षांच्या मुलीचा. ती मरते तेव्हा कॅटनिस तिच्या अंगावर फुले पसरते आणि रूच्या जिल्ह्यातले गरीब लोक कॅटनिसला पाव पाठवतात. तिथे पान उलटायची घाई कुणालाच नव्हती.

या मालिकेतले तिसरे पुस्तक 'मॉकिंगजे' 2010 साली आले. ज्यांना शेवट आधी कळायला नको, त्यांनी हा परिच्छेद सोडावा. बंड यशस्वी होते, पण जिला वाचवण्यासाठी सगळे सुरू झाले ती प्रिमच बॉम्बस्फोटात मरते, आणि तो बॉम्ब आपल्याच बाजूचा असावा असा संशय येतो. मग जिंकलेल्यांची पुढारी विचारते, आता राजधानीच्या मुलांना रिंगणात उतरवायचे का? वाचलेल्यांमध्ये मत घेतले जाते. कॅटनिस 'हो' म्हणते, आणि नंतर बाण मारते तो त्या पुढारी बाईलाच. तिचा 'हो' खरा होता की डाव होता, यावर वाचक अजून भांडतात. आमच्यातही भांडण झाले. एक आजोबा म्हणाले, "ज्याची मुलगी गेली त्याला हे विचारूच नये." दुसरे म्हणाले, "त्यालाच विचारायला हवं." सोळा वर्षांची एक नात त्या दिवशी आजीला घेऊन जायला आली होती. ती दारातूनच म्हणाली, "सफ्ता, म्हणून तर आम्ही हे वाचतो. दोन वर्षांनी मी सैन्यात जाणार. हा प्रश्न मला कुणीतरी आधी विचारायला नको का?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. अर्नाळकरांनी आम्हांला निर्धास्त झोप दिली, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. या मुलांना तशी झोप देणारे पुस्तक आज कुणी लिहिले, तरी ती त्यावर विश्वास ठेवणार नाहीत. त्यांना घाबरवणारे जग पुस्तकाबाहेरच आहे. पुस्तकात निदान त्या जगाशी बोलता येते.

तेव्हा आमची सूचना एवढीच. नातवंडाच्या हातात असे पुस्तक दिसले तर ते काढून घेऊ नका. "तू कोणत्या पानावर थांबलीस?" असे विचारा आणि आपले पानही सांगा. पहिल्या दिवशी उठून गेलेल्या दोघींपैकी एक परत आली आहे. पुढचे पुस्तक कोणते घ्यायचे, हे आता तिची नात ठरवणार आहे.