विकर : कर्ता की करण?

मस्तक व ग्रीवा या भागांतील कर्करोगासंबंधीच्या शास्त्रीय लेखनात विकराचा उल्लेख बहुधा कर्तृपदी येतो. विकर आधारपटल भेदते, वाट मोकळी करते, अर्बुदाच्या पेशींना मानेतील लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचविते, अशी ही वाक्यरचना आहे. ती सर्वस्वी निराधार नव्हे. बेडूकमाशाची शेपटी नाहीशी होताना तीतील कोलॅजेन तोडणारे विकर ग्रॉस व लापिएर यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. १९८० मध्ये लिओट्टा व त्यांचे सहकारी यांनी आधारपटलातील कोलॅजेनचे विघटन आणि अर्बुदाची दूरवर पसरण्याची क्षमता यांचा संबंध जोडला. मुखाच्या कर्करोगात याच कुलातील दुसऱ्या व नवव्या क्रमांकाची विकरे अनेकदा वाढलेली आढळतात.

परंतु 'वाढलेले आढळते' आणि 'त्यामुळे पसरतो' ही विधाने एक नव्हेत. 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय येथे फारच सढळपणे वापरले जाते. वस्तुतः ही विकरे पुष्कळदा अर्बुदाच्या पेशींची नसून शेजारच्या, स्वतः कर्करोगी नसलेल्या तंतुजनक पेशींनी स्रवलेली असतात. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर जे करण, त्यालाच कर्ता ठरविले गेले. (विकर आणि विकार यांच्या ध्वनिसाम्याने मराठीत हा ग्रह बळावण्याचा धोका आहे, तो निराळाच.)

हा वाद केवळ शब्दांचा नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मारिमास्टॅटसारखी विकररोधक औषधे निरनिराळ्या कर्करोगांच्या रुग्णांना दिली गेली. सांधे व स्नायू यांच्या वेदना त्यांच्या वाट्यास आल्या. अपेक्षित लाभ मात्र बहुतेक चाचण्यांत दिसला नाही. रोग फार पुढे गेल्यावर औषध दिले, हे एक कारण सांगितले जाते व ते रास्तही आहे. तथापि कुलातील सर्व विकरांना एकाच दावणीला बांधणे ही अधिक मूलगामी चूक होय. आठव्या क्रमांकाचे विकर नसलेल्या नर उंदरांत त्वचेची अर्बुदे वाढली, असे २००३ मध्ये आढळले. म्हणजे ज्यास आक्रमकांत गणले, ते निदान तेथे रक्षक होते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मुखकर्करोगाच्या आरंभीच मानेतील ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. ग्रंथी वाढेपर्यंत वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. कोणाच्या मानेत रोग दडला आहे, हे विकरांच्या मोजणीवरून शस्त्रवैद्यास आजही ठरविता येत नाही.