निकालापूर्वीचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धाची पाच कारणे आमची मुले घडाघडा म्हणतात. पाठ्यपुस्तकातला इतिहास निकाल लागल्यावर लिहिलेला. म्हणून जे घडले ते घडणारच होते, असे त्यांना वाटू लागते.

या दुखण्यावर पंडित नेहरूंचे ‘ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी’ (१९३४) हा चांगला उतारा आहे. १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून लेकीला लिहिलेली ही १९६ पत्रे. पहिल्या पत्राच्या वेळी इंदिरा आपल्या आठवीतल्या मुलींएवढी. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी नेहरूंनी त्याच्याविषयी लिहिले. पुढचे काय ते वडिलांनाही ठाऊक नाही, लेकीलाही नाही. पुस्तकाचे बळ आहे ते इथे.

दोषही आहे. अखेरीस मंदी, युद्धकर्जे आणि आकडे यांच्या गर्दीत वडील हरवतात, मास्तर तेवढा उरतो. ती पाने मुलांनी खुशाल ओलांडावीत. पण हिटलरवरचे पत्र वर्गात वाचावे आणि विचारावे, ‘त्या साली तुम्ही बर्लिनमध्ये असता, तर मत कुणाला दिले असते?’

या प्रश्नाला परीक्षेत गुण नाहीत. पण तीन-चार वर्षांत हीच मुले मतदार होणार आहेत.