गेंड्याची जागल आणि आपली वर्गणी

वाशिम जिल्ह्यातील किन्हीराजा येथे माझे एक शिक्षक मित्र राहतात. मागच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी एक रंगीत पत्रक माझ्यापुढे ठेवले. त्यावर गेंड्याच्या पिलाचे मोठे छायाचित्र होते. ‘एक गेंडा दत्तक घ्या, दरमहा ठरावीक रक्कम द्या, नाहीतर फार उशीर होईल,’ अशा अर्थाचा मजकूर होता. मित्राच्या नववीच्या वर्गाने दर आठवड्याला प्रत्येकी एक रुपया जमवून वर्षाची रक्कम पाठवली होती. बदल्यात आलेले प्रमाणपत्र वर्गात लावल्यावर एका मुलीने विचारले, “सर, मंग यातला आपला गेंडा कोनता?”

मित्राला उत्तर देता आले नाही. “पुढच्या वर्षी पैसे पाठवायचे की नाही, तू सांग,” असे म्हणून त्याने तो प्रश्न माझ्याकडे सरकवला.

माझे उत्तर असे: पैसे जरूर पाठवावेत, पण ते पत्रक भिंतीवरून काढावे. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पत्रकातील पहिला दोष ‘दत्तक’ या शब्दात आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पिंजऱ्यातील प्राणी वर्षभरासाठी दत्तक देण्याची योजना आहे. तिथे हा शब्द निदान समजू शकतो, कारण त्या प्राण्याच्या खाण्यापिण्याला खरोखरच खर्च येतो. आसामातील काझीरंगाचा गेंडा मात्र स्वतःचे गवत स्वतः चरतो. त्याच्यासाठी आपण चारा विकत घेत नाही. त्याला हवा असतो शिकाऱ्यापासून बचाव आणि ब्रह्मपुत्रेच्या पुरात आसरा. म्हणजे आपला रुपया गेंड्याच्या पोटात न जाता चौकीवरील वनरक्षकाचे बूट, रेनकोट, नावेचे इंधन यांवर खर्च व्हायला हवा. काझीरंगात अशा चौक्या दोनशेहून अधिक आहेत. उद्यानाजवळच्या बोरजुरी येथे २००२ पासून वन्य प्राण्यांचे उपचार केंद्र चालते. पुरात आईपासून तुटलेली पिले तिथे वाढवली जातात. मुख्य खर्च सरकारचा असतो. देणगीदारांचे पैसे त्याला पूरक ठरतात. हे सारे मुलांना सांगण्याजोगे आहे, पण पत्रकात बूट आणि रेनकोट यांचा उल्लेखही नाही. त्यामुळे मुलीला ‘आपला गेंडा’ शोधावासा वाटला, यात तिची काहीच चूक नाही.

दुसरा दोष भीती घालण्याचा. पत्रक वाचून वाटते की एकशिंगी गेंडा आता संपतच आला. वस्तुस्थिती वेगळी आहे. काझीरंगात १९६६ च्या मोजणीत ३६६ गेंडे आढळले, २०२२ च्या मोजणीत २,६१३. मोजण्याच्या पद्धती बदलल्या हे लक्षात घेऊनही ही वाढ मोठी आहे. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. ३६६ ची दुप्पट ७३२, तिची दुप्पट १,४६४, तिची दुप्पट २,९२८. म्हणजे ५६ वर्षांत तीन दुपटींना थोडे कमी, किंवा सुमारे वीस वर्षांना एक दुप्पट. गेंड्याची मादी सुमारे सोळा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिलू देते. त्यामुळे याहून फार वेगाची अपेक्षा ठेवता येत नाही.

मग गेंडे वाढले असतील तर पैसे कशाला, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर आसामातीलच मानस राष्ट्रीय उद्यानात मिळते. तिथे १९९० च्या सुमारास शंभरेक गेंडे होते. पुढे त्या भागात अशांतता पसरली, चौक्या ओस पडल्या आणि साधारण दहा वर्षांत एकही गेंडा उरला नाही. युनेस्कोने १९९२ मध्ये या उद्यानाचा समावेश धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीत केला. २००८ पासून पोबितोरा अभयारण्यातून गेंडे आणून तिथे पुन्हा सोडावे लागले. मानस त्या यादीतून बाहेर आले ते २०११ मध्ये.

दोन उद्याने शेजारी ठेवून पाहा. संख्या दुप्पट व्हायला वीस वर्षे लागतात, शून्य व्हायला दहा पुरतात. आपल्याकडे तूर, हरभऱ्याची जागल करणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तीस रात्री जागून एकतिसाव्या रात्री घरी झोपला, तर रोह्यांचा कळप नेमका त्याच रात्री येतो. गेंड्याचे रक्षण ही अशीच जागल आहे. म्हणून एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा लहानशी, पण न चुकता येणारी वर्गणी अधिक उपयोगी ठरते. पुढच्या पावसाळ्यात नाव चालवायला इंधन मिळेल हे आधी ठाऊक असेल, तरच माणूस नेमता येतो. भीतीपोटी दिलेला पैसा पहिल्या चांगल्या बातमीला आटतो. २०२२ मध्ये आसामात शिकाऱ्यांनी एकही गेंडा मारला नाही. ही बातमी वाचून वर्गणी बंद करणे म्हणजे पीक सुरक्षित दिसले म्हणून जागल सोडणे होय. दरमहा पैसे मागणाऱ्या पत्रकाने नेमके हेच सांगायला हवे होते.

तिसरा दोष मौनाचा आहे. गेंड्याभोवती माणसेही राहतात. पत्रकात त्यांचा मागमूस नाही. गेंडे शेतात शिरून पिकांची नासाडी करतात. २०१० मध्ये आसाम सरकारने वनरक्षकांना गोळीबाराच्या बाबतीत कायद्याचे विशेष संरक्षण दिले, त्यावर पुढे देशाबाहेरही बरीच टीका झाली. शिंगासाठी सशस्त्र टोळ्या येतात हे खरे, आणि हाती बंदूक असलेल्यावर अंकुश हवा हेही खरे. वर्गणी देणाऱ्याला या दोन्ही बाजू माहीत असल्या पाहिजेत. शिंग म्हणजे आपल्या नखा-केसांत असते तेच केराटिन. आसाम सरकारने २२ सप्टेंबर २०२१ रोजी साठवणीतील २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली, ती या शिंगांना औषधी मोल नाही हे ठसवण्यासाठी. विज्ञानाच्या तासाला हा धडा प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तेव्हा पैसे पाठवण्यापूर्वी वर्गाने संस्थेला पत्र लिहून चार प्रश्न विचारावेत. मागच्या वर्षी पैसा कोणत्या कामांवर खर्च झाला? लेखापरीक्षित जमाखर्च पाहायला मिळेल का? पत्रके आणि प्रमाणपत्रे यांवर किती गेला? भोवतालच्या गावांसाठी काय केले? समाधानकारक उत्तर आले तर वर्गणी सुरू ठेवावी आणि ती कामाला लागेल तिथे वापरण्याची मोकळीक द्यावी. उत्तरच आले नाही तर दुसरी संस्था शोधावी. पत्र लिहिण्याचा हा अनुभवही शिक्षणच आहे.

राहता राहिला त्या मुलीचा प्रश्न. आपला म्हणावा असा प्राणी हवाच असेल, तर तो जवळच आहे. अकोला-वाशिमच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोराच्या नोंदी झालेल्या आहेत. गवतातून उंच उड्या मारणारा हा पक्षी २०२१ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जातो. त्याच्या नावाचे रंगीत पत्रक शाळेत येणार नाही. त्याला मुलांच्या रुपयापेक्षा जास्त गरज आहे ती न जाळलेल्या, न नांगरलेल्या गवताची आणि अंडी दिसली तरी हात न लावता परत फिरणाऱ्या माणसांची. गेंड्याच्या जागलीसाठी आपण पैसे देऊ शकतो. ही जागल मात्र किन्हीराजाच्या मुलांना स्वतः करता येईल.

मित्राने पत्रक काढले आहे. त्या जागी मुलांनी काझीरंगा आणि मानस येथील गेंड्यांच्या संख्येचे दोन आलेख काढून लावले आहेत. रुपया जमवणे चालू आहे.