नळ आणि हौदाच्या पलीकडे

शालेय अंकगणितातील नळ-हौदाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. एक नळ हौद ६ तासांत भरतो, दुसरा ४ तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ लागेल? उत्तर २ तास २४ मिनिटे. उदाहरणात चूक काहीच नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. कोणती क्रिया करायची हे प्रकरणाच्या मथळ्यावरूनच कळते, त्यामुळे संख्यांच्या अर्थाकडे पाहण्याची गरज उरत नाही. तेच उदाहरण मथळ्याविना आले, की एखादा विद्यार्थी ६ आणि ४ यांची बेरीज करून १० तास लिहितो. एका नळापेक्षा दोन नळांना जास्त वेळ कसा लागला, हा प्रश्न त्याला पडत नाही.

लातूरकरांना याहून बोलके उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी आली. तिच्यात किती पाणी मावेल? सुमारे २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख. म्हणजे माणशी साडेसहा लिटर, अर्धी बादलीही नाही! शहरी पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या हिशोबाने अशा वीसहून अधिक गाड्या रोज लागतील. पाणी रेल्वेने तहान भागते, शहर चालत नाही, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

कोनांचेही तसेच. कोनमापकाने ४० अंशांचा कोन काढला की प्रकरण संपते. पण पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. लातूर सुमारे ७६.६ अंश पूर्व रेखांशावर आहे, नांदेड ७७.३ वर. फरक ०.७ अंशाचा, म्हणून नांदेडची माध्यान्ह सुमारे ३ मिनिटे आधी होते. दोन गावांतील शाळांनी एकाच दिवशी हे पडताळून पाहावे. सर्वांत आखूड सावलीची वेळ नेमकी पकडता येत नाही. त्यासाठी माध्यान्हीपूर्वी व नंतर काठीची सावली सारख्याच लांबीची होते त्या दोन वेळांचा मध्य काढावा.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी नावाजलेल्या या भागात वेग आणि सराव यांना आम्ही कमी लेखत नाही. मात्र चुकीच्या क्रियेचा सराव वेगाने चुकीच्याच उत्तराकडे नेतो. म्हणून आकडेमोडीआधी उत्तराचा अंदाज लिहून घ्यावा, आणि त्या अंदाजालाही गुण द्यावेत, असे आम्हाला वाटते.