मोळी, स्नान आणि दृष्टिबिंदू

‘श्यामची आई’ वर्गात येते ती बहुधा संस्कारांची संहिता म्हणून. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी लिहिलेल्या या कृतीला कादंबरी म्हणावे की आठवणींची माला, हा वाद येथे बाजूला ठेवू. अध्यापनाच्या दृष्टीने तिची कथनव्यवस्था महत्त्वाची आहे. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना बेचाळीस रात्री आपले बालपण सांगतो. अनुभवणारा मुलगा आणि सांगणारा पुरुष यांच्यात अंतर आहे. विद्यार्थी दोघांना एकच मानतात. मग संघर्ष लोपतो आणि बोध तेवढा उरतो.

‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण या संदर्भात तपासण्याजोगे आहे. महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला पाठवते. नंतर स्नान करण्यासही सांगते. आईच्या बाजूने पाहिल्यास हा करुणा आणि रूढी यांचा संघर्ष असून स्नान ही त्यातील तडजोड ठरते. श्यामपुढे आईची आज्ञा आणि लोकांचा धाक यांचा पेच आहे. म्हातारीला मात्र आईचे मन दिसत नाही. तिला दिसतो जवळ येणारा ब्राह्मणाचा मुलगा. मदत तर हवी, पण ती घेतल्याबद्दल मार आपल्यालाच बसेल, हे ती जाणते. दृष्टिबिंदू बदलला की संघर्षच बदलतो, हे तत्त्व येथे व्याख्येशिवाय हाती लागते.

शाहू छत्रपतींनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या कोल्हापुरात हे प्रकरण शिकवताना वर्ग एकमुखी राहत नाही. हाच प्रसंग म्हातारीच्या तोंडून लिहा, असे मी सांगतो. एका विद्यार्थिनीच्या लेखनात स्नानाचा उल्लेखच नव्हता. कारण विचारता ती म्हणाली, “ते तिला सांगावं लागत नाही, सर.” मूळ कथनात आईच्या सूचनेतून येणारे स्नान म्हातारीच्या लेखी आधीच गृहीत होते.

यावरून कृती त्याज्य ठरवणे हा उतावळेपणा होईल. म्हातारीचे भय आणि स्नानाची अट या दोन्ही गोष्टी आपल्याला कळतात त्या याच संहितेतून. निवेदकाने त्या झाकलेल्या नाहीत. पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. आईची तडजोड लेखकाच्या आयुष्यात अंतिम राहिली नाही. वर्गातही तिला अंतिम उत्तर मानण्याचे कारण नाही.