तारपा नाचाच्या चित्रात श्रोता कुठे आहे?

मंडळी, रस्त्यावरच्या वाजंत्रीचं चित्र म्हटलं की कलेचे अभ्यासक विल्यम होगार्थकडे जातात. १७४१ सालचं चित्र, लंडनची गल्ली. मूल ढोल बडवतंय, पोर सांभाळत एक बाई गातेय, सुऱ्यांना धार लावणं चाललंय. आणि खिडकीत एक व्हायोलिनवादक कानांवर हात ठेवून वैतागलाय. बघा, तो खिडकीच्या आत आहे म्हणून बाहेरचं सगळं त्याला गोंगाट वाटतं.

आता शेजारी जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांचं तारपा नाचाचं चित्र ठेवा. मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. वारली समाजात लग्नाचा चौक भिंतीवर बायका लिहीत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला कागदावर आली आणि मशे यांचा हात जगाला कळला. चित्रात मधोमध तारपा फुंकणारा, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वेटोळ्यासारखी उलगडत गेलेली साखळी.

याला 'आदिम, निरागस आनंद' म्हणायची आपल्याकडे सवय आहे. मला हे वाचन आळशीपणाचं वाटतं. नीट पाहा. प्रत्येक माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. कंबर एका बिंदूवर तोललेली. एकटा उभा केला तर पडेल असं वाटतं. शेजाऱ्याला धरलंय म्हणून तोल आहे. यात शिस्त आहे, परस्परांवरची भिस्त आहे. निरागसपणा कसला?

आणि मुख्य म्हणजे, या चित्रात श्रोता नाही. अशा अनेक चित्रांत कडेला झोपड्या असतात, बाई कांडत असते. पण ती काही कार्यक्रम बघायला आलेली नाही. सूर तिच्या कामातही आहे.

वढू बुद्रुकच्या माणसाला हे परकं वाटू नये. आळंदी इथून जवळ. दिंडीत टाळकरी कुणासाठी वाजवतो? समोरच्या टाळकऱ्यासाठी, आणि विठ्ठलासाठी. उलट ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर लावले की वाजवणारं यंत्र होतं, आपण मोबाइल उंच धरून उभे राहतो. मग कुणाच्या तरी घरी आजारी माणूस कानांवर हात ठेवतो. होगार्थची खिडकी आपल्या गावात येते ती अशी.

आज तारपा नाच चादरींवर, कपांवर छापला जातो. छापू द्या. पण ती साखळी दोन्ही टोकांनी बांधलेली नाही, शेवटच्या माणसाचा एक हात मोकळा आहे, एवढं लक्षात ठेवा. चित्राचा अर्थ मला तिथे सापडतो.