पोलिश उठावातील व्यक्तिचित्रे : पवित्रा आणि पुरावा

जानेवारी १८६३ मध्ये रशियन सत्तेविरुद्ध सुरू झालेल्या पोलिश उठावातील सैनिकांची जी स्टुडिओ-छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांच्यावर एक आक्षेप सहज घेतला जातो. चित्रातील तरुण तलवार धरून, पट्ट्यात पिस्तूल खोवून उभा असतो. परंतु त्याच्या मागे रंगविलेला पडदा असतो, शेजारी खोटा कठडा वा खडक असतो आणि क्वचित मान स्थिर ठेवणाऱ्या लोखंडी टेकूचे बूडही त्याच्या टाचांमागे दिसते. सबब हे सारे नाटक होय व इतिहासाचा पुरावा म्हणून ते निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढण्यात येतो. हा निष्कर्ष घाईचा आहे.

ही चित्रे कोठे घेतली गेली हे प्रथम पाहावयास हवे. क्राकूव्ह शहर त्या वेळी ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली होते. रणभूमी सरहद्दीपलीकडे, रशियन मुलुखात होती. क्राकूव्हमधील वालेरी झेव्हुस्की ह्यांच्या स्टुडिओत उठावातील अनेकांनी चित्रे काढविली. निघण्यापूर्वी काढविलेले चित्र ‘मी लढलो’ असे म्हणतच नाही. ते ‘मी निघालो आहे’ असे म्हणते. विधान खरे वा खोटे ठरते. प्रतिज्ञा पाळली जाते वा मोडली जाते. प्रतिज्ञेस विधानाची कसोटी लावणे ही व्याकरणाचीच चूक होय. घरच्यांसाठी मागे ठेवावयाच्या चित्रात मनुष्य नीटनेटका, पवित्रा घेऊन उभा राहिला, तर त्यात खोटेपणा कोणता?

तथापि ह्या चित्रांच्या समर्थकांचेही वाचन सदोष असते. चित्रांतील काळ्या वेषावरून ते सरसकट शोक वाचतात. १८६१ नंतर काळा वेष हे राष्ट्रीय शोकाचे चिन्ह झाले होते व रशियन अधिकाऱ्यांनी त्यावर निर्बंधही घातले, हे खरे. परंतु त्या काळची ओली कलोडियन काच निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई. तांबडा रंग तिच्यावर जवळजवळ उमटतच नसे व छापात तो काळपट होई. चौकोनी पोलिश टोपीचा परंपरागत किरमिजी रंग आणि शोकाचा काळा रंग अशा रीतीने एकच होऊन बसतात. मराठीत लेखनात भिन्न असलेले श आणि ष उच्चारात एक व्हावेत, तशातलाच हा प्रकार. उच्चार ऐकून मूळ अक्षर सांगता येत नाही, तसा छाप पाहून मूळ रंगही सांगता येत नाही.

पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये पेटंट घेतलेल्या, सुमारे ६ बाय १० सेंटिमीटरच्या कार्डाने हे सारे शक्य केले. एका काचेवर अनेक चित्रे उठत व छाप स्वस्त पडे. ह्याच स्वस्त तंत्राने २७ फेब्रुवारी १८६१ रोजी वॉर्सामध्ये रशियन गोळीबारात पडलेल्या पाच जणांची, कारोल बायर ह्यांनी घेतलेली, मृतदेहांची चित्रे सर्वत्र पोहोचली. बायर ह्यांना पुढे हद्दपारी भोगावी लागली. क्राकूव्हचा उभा तरुण पाहणाऱ्याने ते पाच मृतदेह आधीच पाहिलेले असण्याचा पुष्कळ संभव आहे. पवित्र्याचे वजन काही अंशी तेथून येते.

हेन्रिका पुस्तोवुइतुव्हनाच्या चित्रांत हीच भाषा अधिक गुंतागुंतीची होते. मारियान लांग्येविच ह्याची ही साहाय्यक पुरुषवेषात लढली आणि त्याच वेषात तिने चित्रेही काढविली. लांग्येविचचे सर्वाधिकारीपद मार्च १८६३ मध्ये काही दिवसांतच संपले; तिची चित्रे मात्र फिरत राहिली. उलट, लांब दांड्याचे विळे सरळ ठोकून लढणारे शेतकरी ह्या कार्डांवर विरळाच भेटतात. स्टुडिओची पायरी चढण्यास पैसा लागे. ह्या संग्रहाला ‘उठावाचा चेहरा’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट. पुस्तकांत बहुधा कार्डाची पुढची बाजूच छापली जाते. पाठीवर छायाचित्रकाराचा ठसा असतो आणि कधी कधी निराळ्या हाताने, निराळ्या शाईने लिहिलेले नाव व मृत्यूचे साल असते. पुढे भविष्यकाळ आणि मागे भूतकाळ, अशी ही दोन्ही अंगे एकाच कार्डाची आहेत. त्यांतील एकच छापल्यास वाक्य अर्धे राहते.